निवडून पाठवलेले सहा डबे

९ ऑक्टोबर १९७२

परत पाठवायची होती तर गुळाची ढेप फोडून तरी पाठवायची होतीस, दादा. फडक्याची गाठ मी मारली होती तशीच्या तशी. म्हणजे आत काय आहे ते बघायलाही तुला नको झालं. गोरक्षनं पिशवी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "रंभाजी म्हनला, ज्याचं त्याला नेऊन दी." मी विचारलं, आणखी काही? तर म्हणे, "न्हाई. मला च्या पाजला." म्हणजे ओझं आणणाऱ्याला चहा आणि भावाला गाठोडं परत. बरं.

आईचा निरोप मला उशिरा मिळाला. हे मी तुला दहाव्याला नदीवर सांगितलं, घरी येऊन सांगितलं, आता लिहून सांगतो. संगमनेरला स्टँडवरच्या हॉटेलात भट्टीपुढं उभ्या असलेल्या माणसाला कोण धावत येऊन निरोप देतं? मी आलो तेव्हा राख गार झाली होती, यात माझा काय गुन्हा? पण तू साऱ्या गावादेखत बोललास, "ह्याच्या हातचं ह्या घरात कुनी खायाचं न्हाई." दोन वर्षं झाली त्याला. शब्दाला तू पक्का, ते मी जाणतो. धाकटा भाऊ चुलीपुढं बसतो याची तुला आधीपासूनच लाज. आईचे गुडघे धरले तेव्हा तिनंच मला चुलीपुढं बसवलं, आणि वहिनी घरात येईपर्यंत तुझी भाकर मीच भाजत होतो, ते मात्र विसरलास.

मी सध्या कुठं आहे ते गोरक्षनं सांगितलं असेल, तू ऐकून घेतलं असशील तर. पाथर्डीच्या पुढं पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आहे. दोन हजार माणूस खडी फोडतं आणि माती वाहतं. गोरक्ष रोलरवर आहे आणि मी साहेबलोकांच्या मेसमध्ये आचारी. अकरा पानं असतात. ओव्हरसियर, मस्टर कारकून, जीपचा ड्रायव्हर, असे. मेसचा ठेका काकासाहेब नावाच्या माणसाकडं आहे.

तुम्ही तिकडं धरणाच्या अंगाला, चार सरी कमी पडल्या तरी तुमचा भात उभा राहतो. इथं बाभळीचं पान होतं ते शेळ्यांनी संपवलं. बाजार सोमवारचा. त्या दिवशी कांदे मिळतात, हातपाय वाळल्यासारखी वांगी मिळतात. मंगळवार उजाडला की पुढल्या सोमवारपर्यंत डबा. नगरला कुणा व्यापाऱ्याचं बंद पडलेलं गोदाम मोकळं झालं, तिथनं काकासाहेबांनी टेम्पोभर टमाट्याचे डबे उचलले. पत्र्याचा डबा, वर कागद, कागदावर लालबुंद टमाटं आणि त्याला हिरवंगार पान. खडी फोडणाऱ्या बाया मेसमागं पाण्याला येतात तेव्हा रिकामा डबा हातात घेऊन ते पान बघत बसतात. एकीनं मला विचारलं, "आचारीबुवा, ह्ये कंच्या देशाचं?" मी म्हणालो, आपल्याच. तिला पटलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी आमटी करतो, तुरीच्या डाळीत डबा ओतून, वर लसणाची फोडणी. बुधवारी शेंगदाण्याचा कूट घालून रस्सा. गुरुवारी साहेब ताटावर बसायच्या आधीच म्हणाले, भिमाजी, आज पुन्हा तेच का? मग बेसन लावलं. हरभऱ्याची डाळ भिजवून घातली. एकदा नुसतं सार केलं, गूळ घालून. तुझा परत आलेला गूळ. साहेबांनी दोन वाट्या घेतल्या. सांगायचं एवढंच की ज्याच्या हातचं तू खात नाहीस, त्याच्या हातचं सरकार खातं.

भिमाजी


१६ ऑक्टोबर १९७२

उद्या दसरा. इथं सोनं द्यायला आपट्याला पान नाही. लोक एकमेकांना नुसताच हात देणार म्हणे.

गोरक्ष भाताच्या सोंगणीला घरी निघाला आहे, त्याच्याबरोबर टमाट्याचे सहा डबे देतो. चोरीचे नाहीत, तुझ्या मनात येण्याआधीच सांगतो. काकासाहेब मीठसुद्धा चिमटीनं देणारा माणूस. मी भीत भीत विचारलं, घरी दोन डबे पाठवू का? तर म्हणाले, "कंचे?" मी म्हणालो, ते फुगलेले, तुम्ही कडेला लावून ठेवलेत त्यातले. लगेच म्हणाले, "ने की. दोन कशाला, सहा ने." इतक्या पटकन, की मलाच कसंतरी वाटलं. पण दिल मोठा आहे माणसाचा. आपण उगं नावं ठेवतो.

मग मी कोठीत बसून एकेक डबा हातात घेऊन बघितला. सपाट होते ते मागं सारले. वरून आणि खालून टम्म फुगलेले तेवढे निवडले. आई काय करायची? आरावर फुगली ती भाकर तुझ्या ताटात, चपटी बसली ती तिला. फुगलेल्या भाकरीला ती कधी दुसऱ्याचा हात लावू द्यायची नाही. म्हणायची, घरधन्याची हाय. मी तेच केलं. अंगठ्यानं दाबले तरी दबत नाहीत, इतके भरलेले आहेत.

उघडायचं असं. विळ्याच्या टोकानं झाकणाला भोक पाड. पाडताना तोंड बाजूला घे. फुस्स करून वारा सुटतो आणि सोड्याच्या बाटलीवानी फेस येतो. घाबरायचं काही नाही, मालात जोर असतो.

वहिनींना सांग, रश्शात घालायचा असला तर कांदा आधी लाल होऊ द्यावा. आणि चूल पेटवायचा कंटाळा आला तर शिजवायचीही गरज नाही. आमचा मस्टर कारकून राधाकृष्ण, त्याला तिखट सोसत नाही, त्याला मी कच्ची कोशिंबीर देतो. डब्यातलं टमाटं कुस्करायचं, कांदा चिरून घालायचा, वर चिमूटभर साखर. इथं दही नाही, तुमच्याकडं आहे. भाऊबीजेला आपली मुक्ता येईल तेव्हा तिला ही कोशिंबीर करून घाला. तिला आंबटगोड आवडतं. राहीलाही आवडेल. ती आता चार वर्षांची असेल ना? काका म्हणते का कुणाला, का माझं नाव घरात काढायचंच नाही?

आता शेवटचं. तू हेही परत धाडशील, ते मला ठाऊक आहे. म्हणून तुला आईची शपथ घालतो, दादा. हे डबे परत येता कामा नयेत आणि फेकायचेही नाहीत. घरातल्या सगळ्यांनी खायचे, पहिला घास तू घ्यायचा. आता बघतो तुझा शब्द मोठा का आईची शपथ मोठी.

भिमाजी


२५ ऑक्टोबर १९७२

गोरक्षला जाऊन आठवडा झाला. पिशवी परत आली नाही, एवढ्यावरच मी खूश आहे बघ. काल भाकरी वाढताना हसत होतो तर लंकाबाई म्हणाली, "काय वो, लगीन ठरलं का?"

ही लंकाबाई मेसमध्ये भाकरी थापते. इथल्याच गावची, पन्नाशीची. नवरा खडीवर आहे. तिचं तोंड बंद असलं की समजायचं भाकर जळाली. ती डब्यातलं काही खात नाही. ओव्हरसियरसाहेब म्हणाले, अहो बाई, खाऊन तर बघा. तर म्हणाली, "साहेब, मी मिरची खाईन, मीठ खाईन, उपाशी ऱ्हाईन." परवा तिनं कोठीत फुगलेल्या डब्यांची रांग बघितली. आता सपाट डबे संपले, काकासाहेब म्हणाले तेच काढा. मी एक उचलला तर माझा हात धरला तिनं.

"भिमाजी, ह्ये असं का झालं?"

"भरलेत चांगले. भाकर न्हाई का फुगत?"

"भाकर आगीवर फुगती रं. ह्ये थंडपनी कशानं फुगलं?" मग तीच म्हणाली, "थंडपनी फुगतं त्ये मढं. जा, वड्याकडं बघून ये."

ओढ्याकडं जनावरं पडलेली आहेत. मालकांनी चारा नाही म्हणून सोडून दिलेली, तिथंच बसली आणि उठली नाहीत. पोटं नगाऱ्यासारखी. घारी दिवसभर वर फिरतात. मी म्हातारीला म्हणालो, टमाट्याला काय पोट असतं का? ती हसली नाही. तुला गंमत म्हणून लिहिलं. वहिनींना वाचून दाखव, त्या हसतील.

इथं ऊन अजून उतरत नाही. दुपारी कोठीत कुणी नसतं आणि एखादा डबा टक् करून वाजतो. पहिल्यांदा दचकलो, आता कान सरावला. जीपच्या ड्रायव्हरला दोन दिवस ढाळ लागले होते. पाण्यानं. टँकरचं पाणी कुठून भरतात ते देवाला ठाऊक. राधाकृष्णला मात्र काही होत नाही, तो रोज कोशिंबीर मागतो. भला मुलगा आहे, कोपरगावकडचा, नुकतं लग्न झालेलं. बायकोचं पत्र आलं की मला वाचून दाखवतो, अर्धं दाखवतो आणि अर्ध्यावर कान लाल करून घडी घालतो.

तू एक ओळ लिही. चव कशी लागली एवढं कळव.

भिमाजी


३० ऑक्टोबर १९७२

दादा, घाईत लिहितो. ते डबे उघडू नका. त्यांची मुदत संपली होती असं आता कळलं. चवीला बरे लागणार नाहीत. फेकून दिले तरी चालतील. शपथेचं मनाला लावून घेऊ नका, ती मी रागात घातली होती.

तार करणार होतो. पण आपल्याकडं तार आली की आधी बाया गळा काढतात, मग वाचतात. म्हणून कार्डच टाकतो.

राधाकृष्णला बरं नाही. नगरला नेलं आहे. बाकी सगळं ठीक.

भिमाजी


५ नोव्हेंबर १९७२, लक्ष्मीपूजन

दादा, हे पत्र गोरक्षच्या हातानं येतं आहे. तो पोचेल तेव्हा तू खळ्यावर असशील तर तिथंच वाच, आणि वाचून झाल्याशिवाय घरात कुणालाही चुलीपाशी जाऊ देऊ नको.

गोरक्ष आज सकाळी त्याचा राहिलेला पगार न्यायला इथं आला आणि त्यानं तुझी चिठ्ठी दिली. दोन वर्षांत तुझं पहिलं अक्षर. मी ती चार वेळा वाचली. तू लिहितोस की वहिनींनी कोजागिरीला एक डबा फोडून रश्शात घातला, तासभर चुलीवर रटरटला, कुणी चांगला म्हणालं नाही पण पातेलं पुसून खाल्लं. पहिला घास तू घेतलास. राहीनं दोनदा मागून घेतला. मग लिहितोस, "तुझं मुदत संपल्याचं कार्डबी मिळालं. देऊन परत मागायची तुझी खोड जुनी. आम्हाला काई झालं न्हाई. राहिलेले पाच भाऊबीजेला मुक्ता आल्यावर फोडू, तू लिहिली तशी कच्ची कोशिंबीर, दह्यातली. आईची शपथ टपालानं घालता येती, टपालानं सुटत न्हाई. सोडायची असली तर ये आन् देव्हाऱ्यातल्या आईच्या टाकापुढं पाणी सोड. तुजं पान मांडून ठिवतो."

माझं पान मांडून ठेवतोस. ह्या एका ओळीसाठी मी दोन वर्षं लोकांच्या घरची मीठमिरची चाखत फिरलो, आणि आज ती वाचल्यावर मी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर ठेवली. लंकाबाई म्हणाली, "कोन गेलं?" मी म्हणालो, अजून कुणी नाही.

राधाकृष्ण गेला, दादा. परवा शुक्रवारी.

आदल्या शुक्रवारी, सत्तावीस तारखेला, त्यानं कोशिंबीर खाल्ली. एकट्यानंच. दुसऱ्या दिवशी दुपारी मस्टर भरताना म्हणाला, भिमाजी, मला एकाच्या दोन ओळी दिसतात. आम्ही हसलो, म्हणालो, बायकोची आठवण येत असेल. संध्याकाळी त्याच्या पापण्या आपोआप खाली यायला लागल्या. बोटानं वर धरून तो माझ्याकडं बघत होता. ताप नाही, काही नाही. पाणी प्यायला दिलं तर नाकातून बाहेर आलं. बोलायला गेला तर जीभ जड. शुद्धीवर होता, सगळं कळत होतं त्याला. रविवारी जीपमधून नगरला नेला तेव्हा त्यानं माझा हात धरला होता, तो हळूहळू सुटत गेला. त्याच्या बोटांत जोरच राहिला नव्हता.

तीस तारखेला डॉक्टर इथं आले. त्यांनी कोठी बघितली, एक डबा हातात घेतला आणि जपून खाली ठेवला. म्हणाले, फुगलेल्या डब्यात विष धरतं. त्याला वास असेलच असं नाही, चव असेलच असं नाही. नऊ डब्यांत नसेल, दहाव्यात असेल, आणि दहावा कुठला ते कळत नाही. खळखळा उकळलं तर त्याचा जोर मोडतो, म्हणून बाकीची दहा पानं वाचली. ज्यानं कच्चं खाल्लं तो पडला.

तुमचा पहिला डबा तासभर रटरटला, दादा. म्हणून तुम्ही आहात. माल चांगला होता म्हणून नाही.

मग डॉक्टरांनी सगळ्यांना विचारलं, यातले डबे बाहेर कुठं गेलेत का? काकासाहेब माझ्या मागं उभे होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, पोरावर ठेवतात तसा. म्हणाले, "न्हाई डाक्टरसाहेब, एक न्हाई." आणि मी गप्प बसलो. हो म्हणालो असतो तर डॉक्टरांनी त्याच दिवशी माणूस धाडला असता. मला वाटलं, चोरीचा आळ येईल, नोकरी जाईल. वाटलं, कार्ड टाकू, भागेल. कार्डातही खरं लिहायला हात धजला नाही. "चवीला बरे लागणार नाहीत" असं लिहिलं. विष हा शब्द लिहिला नाही, कारण ते मीच पाठवलं होतं आणि वर शपथ घातली होती. तू ते खोटं ओळखलंस. बरोबर ओळखलंस, फक्त खरं काय ते तुला कुणी सांगितलं नव्हतं.

राधाकृष्ण गेला तसे शनिवारी फौजदार आले. काकासाहेबांनी जबाब लिहून दिला की फुगलेले डबे वापरायचे नाहीत म्हणून त्यांनी कडेला काढून ठेवले होते, आचाऱ्यानं न विचारता घेतले. आणि ते नगरला निघून गेले. मला तळ सोडायचा नाही असं सांगितलं आहे. झोपडीच्या दाराशी शिपाई बसवला आहे, आज सणाचा दिवस म्हणून तो माझ्यावर चिडलेला आहे.

तुझी चिठ्ठी वाचली तसा मी उठून फौजदारांपुढं गेलो आणि सहा डब्यांचं सगळं सांगितलं. कुणाला दिले, कसे निवडले, शपथ घातली तीही. ते ऐकत गेले. मग म्हणाले, "भावाशी दोन वर्षं बोलणं नाही. सपाट डबे मागं ठेवलेस आणि फुगलेले तेवढे निवडून भावाला पाठवलेस. वर खाल्लेच पाहिजेत अशी आईची शपथ. आता तूच सांग, मी काय लिहू?"

मी म्हणालो, भाकर फुगते ती चांगली असते, साहेब.

ते कारकुनाला म्हणाले, "हे लिहू नको."

ते काय लिहितील ते लिहोत. माझी आधीची पत्रं तुझ्याजवळ असतील तर ती मागायला माणूस येईल. जाळू नको, दे. त्यात मी लिहिलं आहे तसंच घडलं, आणि त्यात माझं कुठलं वाक्य माझ्या बाजूचं आहे आणि कुठलं उलटं, ते मला आता वाचूनही कळणार नाही.

फौजदारांनी राजूरला फोन लावला, लाईन मिळाली नाही. तारही केली आहे. ती आधी आली तर रडू नका, मी जिवंत आहे. पण तुला मी ओळखतो. तारेतल्या चार शब्दांनी तू ऐकणारा नाहीस. म्हणशील, भिम्याची नवी खोड. म्हणून तुला एक गोष्ट सांगतो, ती सांगितल्यावर तरी माझं बाकीचं खरं मान.

आईचा निरोप मला वेळेवर मिळाला होता. आपल्या गावचा माणूस दुपारच्या गाडीनं आला, भट्टीपाशी येऊन उभा राहिला, म्हणाला, "भिमाजी, आई तुझं नाव घेती, आत्ता चल." दुसऱ्या दिवशी एका लग्नाची दोनशे पानं होती आणि मालकानं पहिल्यांदा बुंदीचा झारा माझ्या हातात दिला होता. मी त्याला म्हणालो, दोन दिवसांत येतो. मला वाटलं, धरेल आई दोन दिवस. बुंदी चांगली पडली, दादा. सगळे नावाजत होते. तिकडं तू तिला सांगत होतास की येतोय, वाटेवर हाय. त्या माणसाला मी पाया पडून सांगितलं होतं की मी भेटलोच नाही असं सांग. तो शब्दाला जागला, आणि मी दोन वर्षं तुझ्यावरच रुसून बसलो.

तेव्हा दोन दिवस थांबलो. ह्या वेळी तीस तारखेपासून आजपर्यंत सहा दिवस थांबलो. आता नाही.

शपथ सोडायला टाकापुढं यायला पाहिजे हे बरोबर आहे, पण मला येऊ देत नाहीत. म्हणून इथंच केलं. इथं पाणी मापानं मिळतं. लंकाबाईनं तिच्या वाट्याच्या तांब्यातलं माझ्या ओंजळीत ओतलं. शिपाई म्हणाला, "बाई, पियाला न्हाई आन् सांडता कशाला?" ती म्हणाली, "तू गप. सांडत न्हाई, सोडतोय." मी आपल्या घराच्या बाजूला, मावळतीकडं तोंड केलं, आईचं नाव घेतलं आणि पाणी सोडलं. गोरक्ष समोर उभा होता, त्याला विचार. शपथ सुटली, दादा. तू बांधलेला नाहीस, वहिनी नाहीत, मुक्ता नाही, पोर नाही. तुझा पहिला शब्दच खरा होता. माझ्या हातचं त्या घरात कुणी खाऊ नका.

डबे फोडून ओतू नको, फुस्स करून अंगावर उडतं. तसेच बंद न्यायचे, घरापासून, विहिरीपासून लांब, कमरेइतका खड्डा घ्यायचा आणि पुरायचे. कोंबड्यांनी उकरता कामा नये. पाचही मोज. चार भरले तर पाचवा कुठं गेला ते आधी शोध, मग दुसरं काम. राहीनं कागदावरचं पान बघायला एखादा उचलून नेला असेल, तिच्या अंथरुणाखाली बघ. मुक्ता आधीच आली असेल आणि तिनं चाखला असेल तर तिला रागावू नको, कोशिंबीर मीच सांगितली होती.

गोरक्ष आत्ता अकराच्या गाडीनं निघतो. दिवाळीची गर्दी, सणाला निम्म्या गाड्या बंद, नगरला गाडी बदलायची, संगमनेरला बदलायची, राजूरवरून पुढं चालत. भाऊबीज बुधवारी. मंगळवारी दिवेलागणीला पोचतो म्हणतो. मी त्याला म्हणालो, कुठं चहाला थांबू नको. तो म्हणाला, "ह्या टायमाला रंभाजीनं पाजला तरी पिनार न्हाई."

कुणाच्या पापण्या जड झाल्या, एकाचं दोन दिसायला लागलं, घास गिळेना, तर वैदूकडं जाऊ नको, उतारा टाकत बसू नको, सकाळ होण्याची वाट बघू नको. तसाच उठ, राजूरला जीप कर आणि संगमनेरचा मोठा दवाखाना गाठ. जीपवाला आधी पैसे मागेल म्हणून पैसे गोरक्षच्या कनवटीला बांधून दिलेत. माझ्याकडं होते ते आणि लंकाबाईनं नको म्हणत असताना घातलेले पाच. देवाच्या मनात असेल आणि जीप लागली नाही, तर ह्यातलं काही मला परत पाठवू नको. भाऊबीजेला मुक्ता तुला ओवाळील तेव्हा माझ्या नावानं तिच्या ताटात टाक. सदुसष्ट रुपये.